पेशींमधली दारे आणि हृदयाचा ठोका

'हार्टफेल झाले' हा शब्द आपल्या वस्तीत फार सैलपणे वापरला जातो. कोणी रात्री झोपेत गेले, हार्टफेल. कोणी कामावर चक्कर येऊन पडले आणि उठलेच नाही, हार्टफेल. छातीत दुखत होते, 'गॅस झाला असेल' म्हणून ओवा चावायला दिला, सोडा पाजला, आणि दोन तासांत माणूस गेला, तर तेही हार्टफेल.

या तिसऱ्या प्रकाराबद्दल एक साधा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. हृदयाला रक्त पुरवणारी एक नळी बुजली, हे खरे. पण त्या नळीच्या वाट्याला हृदयाच्या स्नायूचा एक तुकडाच असतो. उरलेला स्नायू धडधाकट असतो, त्याला रक्त मिळत असते. मग त्या धडधाकट भागाने काम का सोडले? एका खोलीचा बल्ब गेला म्हणून सगळ्या चाळीत अंधार का व्हावा?

या प्रश्नाचे उत्तर हृदयाच्या पेशी एकमेकींशी कशा जोडलेल्या आहेत, यात आहे. डॉक्टरांच्या भाषेत त्या जोडाला 'गॅप जंक्शन' म्हणतात. शब्द परका आहे, पण गोष्ट कळण्यासारखी आहे, आणि कळली तर दवाखान्यात धावत का जायचे हेही कळते.

वेगळ्या पेशी, एक ठोका

हृदय म्हणजे स्नायू. वर दोन कप्पे, खाली दोन कप्पे. मुलांच्या शाळेच्या पुस्तकात त्यांना अलिंद आणि निलय म्हटलेले असते. वरचे कप्पे रक्त घेतात आणि खालच्यांत ढकलतात, खालचे ते फुप्फुसाकडे आणि साऱ्या शरीराकडे फेकतात. माणूस शांत बसला असताना हे मिनिटाला ६० ते १०० वेळा होते. दिवसाला साधारण १ लाख ठोके.

हा स्नायू कोट्यवधी पेशींचा बनलेला आहे. एक पेशी लांबीला साधारण मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी. यातली प्रत्येक पेशी आपापल्या सोयीने आकसली तर हृदय नुसते वळवळेल, रक्त पुढे जाणार नाही. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत लेझीमचे पथक पाहा. शंभर पोरे आहेत, पण पाऊल एकदम पडते. तिथे डोळ्यांना दिसते, कानाला हलगी ऐकू येते. हृदयाच्या पेशीला ना डोळे ना कान. तिला कळते कसे?

सुमारे दीडशे वर्षांपूर्वी, १८७० च्या दशकात, थिओडोर एंगेलमान या शरीरशास्त्रज्ञाने बेडकाच्या हृदयाला नागमोडी काप दिले. एवढे काप, की कुठलीही नस एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड राहू नये. तरीसुद्धा स्नायूचे जे लहान लहान पूल शिल्लक होते त्यांवरून आकुंचनाची लहर वळणे घेत पुढे गेली. म्हणजे हृदयात निरोप नसा नेत नाहीत. स्नायूच स्नायूला निरोप देतो. यावरून पुढे बरीच वर्षे अनेक शास्त्रज्ञ असे मानत राहिले की हृदयाच्या पेशी मुळी वेगळ्या नाहीतच, सगळे हृदय आतून एकसलग आहे, मध्ये भिंती नाहीत.

हे मत मोडले ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने. १९५४ साली स्वीडनच्या स्योस्ट्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्याने हृदयाच्या स्नायूची अतिसूक्ष्म चित्रे घेतली. त्यांत स्पष्ट दिसले की प्रत्येक पेशीला स्वतःचे पूर्ण आवरण आहे. भिंती आहेत, आणि त्या अखंड आहेत. दुसरीकडे स्वित्झर्लंडचे सिल्व्हिओ वाइडमान यांनी १९५२ मध्ये मोजून दाखवले होते की एका पेशीत सोडलेला विजेचा प्रवाह शेजारच्या पेशींत सहज पसरतो. आता आली पंचाईत. भिंत तर आहे, आणि प्रवाह तर भिंत नसल्यासारखा जातो आहे. दोघेही खरे.

मग १९६५ मध्ये बार, ड्युई आणि बर्गर यांनी एक सोपा प्रयोग केला. हृदयाचा स्नायू त्यांनी साखरेच्या दाट द्रावणात ठेवला. पाणी बाहेर ओढले गेल्याने पेशी आकसल्या आणि जिथे त्या एकमेकींना अगदी चिकटून होत्या तिथले जोड सुटले. जोड सुटताच विजेची लहर पुढे जायची थांबली. पुन्हा साध्या द्रावणात ठेवल्यावर जोड जुळले आणि लहर पुन्हा चालू झाली. भिंत अखंड असली तरी तिच्यात दारे आहेत, हे यातून दिसले. दोन वर्षांनी, १९६७ मध्ये, रेव्हेल आणि कार्नोव्हस्की यांनी उंदराच्या हृदयात व यकृतात हे जोड आणखी बारकाईने पाहिले. दोन पेशींमध्ये तिथे अगदी बारीक फट दिसली आणि तिच्यात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षट्कोनी जाळी. फटीला इंग्रजीत गॅप म्हणतात, म्हणून नाव पडले गॅप जंक्शन.

इतके तपशील सांगण्याचे कारण असे की आपल्याला आरोग्याच्या पानावर नुसते 'असे असते' वाचायची सवय लागली आहे. कोणी तरी सांगितले म्हणून मानू नका, पडताळून पाहा, ही शिकवण ज्यांनी आपल्याला दिली त्यांचे अनुयायी म्हणून 'हे कशावरून' असे विचारायला आपण मागे हटू नये.

दार कसे असते

हे दार प्रथिनाचे असते. त्या प्रथिनाचे नाव कनेक्झिन. सहा कनेक्झिन गोल उभी राहिली की मधे एक पोकळी तयार होते. हे झाले अर्धे दार, एका पेशीच्या भिंतीतले. शेजारणीच्या भिंतीतही तसेच सहांचे अर्धे दार असते. दोन्ही समोरासमोर येऊन घट्ट बसली की बारा प्रथिनांची एक आरपार नळी होते. तिथे दोन पेशींमधले अंतर फक्त २ ते ४ नॅनोमीटर उरते. एक मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. अशा शेकडो, हजारो नळ्या एका ठिकाणी दाटीने बसलेल्या असतात.

या नळीतून मोठे काही जात नाही. पेशीची प्रथिने, तिचा गाभा, तिची जनुके तिच्याकडेच राहतात. जातात ते सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियमचे विद्युतभारित कण आणि काही लहान रेणू. हृदयातली वीज म्हणजे तारेतली वीज नव्हे, या कणांची ये-जा हीच तिथली वीज. एका पेशीत भारित कण घुसले, तिच्यातला विद्युतदाब बदलला, थोडे कण दारातून शेजारणीकडे गेले, तिचाही दाब एका मर्यादेपलीकडे गेला आणि तीही पेटली. मग तिने पुढचीला पेटवले. प्रत्येक ठोक्याला हेच.

कनेक्झिनचे प्रकार अनेक आहेत, त्यांना आकड्यांनी ओळखतात. हृदयात मुख्य तीन: ४०, ४३ आणि ४५. या तिघांची वाटणी पाहिली की हृदयाची रचना किती विचारपूर्वक वाटते! विचार करणारा कोणी नाही, लाखो वर्षांत जे टिकले ते राहिले, पण वाटते खरे.

उजव्या वरच्या कप्प्यात, वरच्या बाजूला, एक लहानशी जागा आहे. ठोक्याचा हुकूम तिथून निघतो. समता सैनिक दलाच्या संचलनात शिट्टी वाजवणारा एकच असतो, तसे. या जागेतल्या पेशींमध्ये दारे कमी आणि लहान असतात. हे उलटे वाटेल. हुकूम देणाऱ्याकडेच दारे कमी? पण कारण आहे. या मूठभर पेशींभोवती स्नायूचा मोठा पसारा आहे. दारे सताड उघडी असती तर या पेशींनी जमवलेले भारित कण त्या पसाऱ्यात वाहून गेले असते आणि हुकूम द्यायला ताकदच उरली नसती. दारे थोडी, म्हणून त्या स्वतःचा ताल राखू शकतात.

वरच्या कप्प्यांतून लहर पसरते आणि खालच्या कप्प्यांच्या वेशीवर येते. इथे एक गाठ आहे, जपानच्या सुनाओ तवारा यांनी १९०६ मध्ये तिचे वर्णन केले. या गाठीत कनेक्झिन ४५ ची लहान, कमी प्रवाह जाऊ देणारी दारे आहेत. लहर इथे रखडते, सेकंदाला जेमतेम पाच सेंटिमीटर वेगाने चालते. या रखडण्यात सेकंदाचा साधारण दहावा भाग जातो. तेवढ्यात वरच्या कप्प्यांना आपले रक्त खाली ढकलायला वेळ मिळतो. गाठ ओलांडली की पुढे पर्किंजे तंतूंचे जाळे. तिथे कनेक्झिन ४० ची मोठी दारे भरपूर, म्हणून वेग सेकंदाला दोन ते चार मीटर. शेवटी खालच्या कप्प्यांचा जाड स्नायू, तिथे मुख्यतः कनेक्झिन ४३. दारे जास्त करून पेशींच्या टोकांना असतात, कडेला कमी. त्यामुळे लहर लांबीच्या दिशेने आडव्या दिशेपेक्षा सुमारे तिप्पट वेगाने धावते. वेशी ओलांडल्यापासून खालचे दोन्ही कप्पे पूर्ण पेटायला सेकंदाचा दहावा भागही पुरतो. ईसीजीच्या कागदावर जो उंच टोकदार काटा दिसतो, तो याच क्षणाचा.

आणखी एक गोष्ट. ही दारे एकदा बसवली आणि जन्मभर टिकली, असे नसते. कनेक्झिन ४३ चे आयुष्य काही तासांचे असते. जुने मोडते, पेशी नवे घडवते आणि जागेवर बसवते, रात्रंदिवस. तुमचे हृदय काल होते तेच आज आहे असे वाटते, पण त्यातली दारे कालची नाहीत. अनित्यतेवर विहारात प्रवचन ऐकताना आपण पाने, फुले, शरीर यांची उदाहरणे ऐकतो. त्यात हेही धरायला हरकत नाही.

विषय निघालाच आहे तर बायाबापड्यांसाठी एक आडवळण. गर्भाशयाच्या स्नायूतही कनेक्झिन ४३ असते. गरोदरपणात ते फार थोडे असते, म्हणून स्नायू इथे-तिथे आखडला तरी सगळा एकदम जोर लावत नाही. बाळंतपण जवळ आले की ते झपाट्याने वाढते, दारे उघडतात आणि मग कळा एकसुरात येऊ लागतात. कानात कनेक्झिन २६ असते, ते दोन्हीकडून बिघडलेले मिळाले तर मूल जन्मतः बहिरे होऊ शकते. आपल्याकडे मामाची मुलगी, आत्याचा मुलगा अशा जवळच्या नात्यात लग्ने होतात. असा लपलेला दोष दोन्हीकडून एकत्र येण्याची शक्यता तिथे वाढते. घरात जन्मतः बहिरेपण असेल तर सोयरीक जुळवण्याआधी डॉक्टरांशी बोला. मुलाच्या बहिऱ्या असण्याचा दोष आईच्या पोटाला किंवा ग्रहणाला देऊ नका.

झटका येतो तेव्हा

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. एक नळी बुजली, तिच्या वाट्याचा स्नायू उपाशी पडला. त्या पेशींमधली ऊर्जा संपत जाते, आम्ल वाढते, कॅल्शियम आत साचते. या तिन्ही गोष्टींनी गॅप जंक्शनची दारे बंद होऊ लागतात.

हे एका अर्थाने बरेच आहे. मरणाऱ्या पेशीची दारे उघडी राहिली असती तर शेजारच्या जिवंत पेशींचा ऐवज तिच्यातून गळून गेला असता आणि एकापाठोपाठ सगळ्या मेल्या असत्या. एंगेलमान यांनाही हे दिसले होते: हृदयाचा तुकडा कापला तर जखमेलगतच्या पेशी मरतात, पण थोड्याच वेळात मरण तिथेच थांबते. पेशी जगतात मिळून, मरतात मात्र एकेकट्या.

पण धोका याच्यातच आहे. दारे एकदम आणि सारखी बंद होत नाहीत. काही पूर्ण बंद, काही अर्धी, काही उघडी. नळी बुजल्यावर साधारण पंधरा-वीस मिनिटांनी हा गोंधळ सुरू होतो. उपाशी भाग आणि निरोगी भाग यांच्या सीमेवर लहर अडखळते, वाकड्या वाटेने, फार हळू जाते. नेहमी ती सेकंदाच्या दहाव्या भागात सगळीकडे पोचून विझते, कारण पेटलेल्या पेशीला पुन्हा पेटायला थोडी उसंत लागते. आता मात्र ही हळू चाललेली लहर वळसा घालून परत निघाली, तोवर मागच्या पेशींची उसंत संपलेली असते. त्या पुन्हा पेटतात. लहर आपल्याच शेपटामागे गोल फिरू लागते. मूळ जागेवरचा हुकूम मग कोण ऐकतो? गोल फिरणाऱ्या लहरी फुटतात, एकीच्या अनेक होतात आणि खालचे कप्पे ठोका द्यायचे सोडून नुसते थरथरत राहतात.

त्या क्षणी हृदयाचा बहुतेक स्नायू जिवंत असतो. पण रक्त पुढे जात नाही. साधारण दहा सेकंदांत शुद्ध हरपते. चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा सुरू होते. 'सोडा प्यायला, ढेकर दिला, बरे वाटले म्हणाला आणि कोसळला' ही हकीकत अशी घडते. स्नायूचा एक लहान भाग उपाशी होता, पण सीमेवरच्या दारांच्या गोंधळाने सगळ्या हृदयाचा ताल मोडला.

ही थरथर थांबवण्याचा खात्रीचा उपाय एकच, विजेचा झटका. सगळ्या पेशी एकदम पेटवायच्या, म्हणजे फिरणाऱ्या लहरींना पुढे जागाच उरत नाही, सगळे शांत होते आणि मूळ जागेचा हुकूम पुन्हा ऐकू येतो. हे यंत्र मोठ्या दवाखान्यांत, अतिदक्षता विभागात असते. काही रेल्वे स्थानकांवर आणि विमानतळांवर आता दिसते. आपल्या वस्त्यांत नाही. यंत्राविना आणि छाती दाबल्याविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. वस्तीच्या बोळात रुग्णवाहिका शिरत नाही, हा आपल्यासाठी केवळ नगररचनेचा प्रश्न नाही.

म्हणून छातीच्या मध्यभागी दडपल्यासारखे दुखणे, ते डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणे, घाम सुटणे, धाप लागणे यांतले काही वीस मिनिटे थांबत नसेल तर गॅस समजून बसू नका. खरे तर वीस मिनिटेही थांबू नका, वर सांगितलेला गोंधळ तेव्हा सुरू झालेला असतो. १०८ लावा. महाराष्ट्रात त्या गाडीत डॉक्टर असतो. ॲस्पिरिनची गोळी चावून द्यावी का, हे फोनवरच विचारा. ज्याला तिची ॲलर्जी आहे किंवा रक्तस्रावाचा त्रास आहे त्याला ती द्यायची नसते. रोग्याला जिने चालत उतरवू नका, खुर्चीत बसवून चौघांनी उतरवा. बायकांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये छातीत न दुखताही झटका येतो. नुसती धाप, मळमळ, गळाठा एवढेच दिसते. बाबासाहेबांना मधुमेहाने किती छळले हे आपण वाचले आहे. आज हा आजार आपल्या घराघरांत आहे, तेव्हा साखर असलेल्या आजी 'कसंसंच होतंय' म्हणाल्या तर त्यांना झोपून राहायला सांगू नका.

आणि माणूस कोसळला, हाक मारून हालत नाही, श्वास नाही किंवा घरघर लागल्यासारखा तुटक श्वास आहे, तर तोंडावर पाणी मारणे, कांदा हुंगवणे, चप्पल हुंगवणे यांत एक मिनिटही घालवू नका. त्याला कडक जमिनीवर उताणा ठेवा. छातीच्या मध्यभागी तळहाताची टाच ठेवा, तिच्यावर दुसरा हात, कोपरे ताठ, आणि पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबा. मिनिटाला १०० ते १२० वेळा. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. एक थकला की दुसऱ्याने घ्यावे. बरगडी मोडेल म्हणून घाबरू नका. आपल्या हातांनी आपण दारे दुरुस्त करत नसतो, फक्त मेंदूला थोडे रक्त पुरवत राहतो, यंत्र येईपर्यंत. हे शब्दांत वाचून येत नाही. वर्षावासात विहारात रोज माणसे जमतात. एक दिवस आपल्या भागातल्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना बोलावून तरुण पोरापोरींकडून हे करवून घ्यावे.

घसादुखीपासून हृदयापर्यंत

झटक्यातून माणूस वाचला तरी मेलेल्या जागी व्रण राहतो. व्रणाच्या कडेला जिवंत पेशींचे धागे शिल्लक असतात, आणि त्यांच्यातली दारे टोकाची जागा सोडून कडेला विखुरतात. लहर तिथे पुन्हा वळसा घेऊ शकते, वर्षांनंतरही. म्हणून डॉक्टर ताल आवरणाऱ्या गोळ्या देतात. 'आता काही दुखत नाही' म्हणून त्या मनाने बंद करू नयेत. एकाएकी बंद केल्या तर धोका वाढतो.

आपल्या वस्तीत मात्र आणखी एक वाट आहे, आणि तिच्याविषयी मला जास्त बोलावेसे वाटते. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा एका जातीच्या जंतूने, स्ट्रेप्टोकोकसने, सुजतो. ताप येतो, चार दिवसांत बरा होतो, आपण विसरतो. दोन-तीन आठवड्यांनी सांधे दुखतात, आज गुडघा, उद्या घोटा, परवा मनगट. हा संधिवाताचा ताप. जंतूशी लढायला तयार झालेली शरीराची फौज चुकून हृदयाच्या झडपांवर घसरते. सांधे बरे होतात, झडप खराब होते. दहा-वीस वर्षांनी, बहुधा पहिल्या-दुसऱ्या बाळंतपणात, धाप लागून ते उघडकीला येते.

आकसलेल्या झडपेमागे डावा वरचा कप्पा तुंबतो आणि फुगतो. त्याच्या भिंतीत पेशींच्या मधे चिवट तंतू भरतात, कनेक्झिनची वाटणी विस्कटते. इथेही तीच गोष्ट: लहर तुटते, गोल फिरते आणि वरचे कप्पे थरथरू लागतात. खालच्या कप्प्यांची थरथर मिनिटांत जीव घेते, वरच्यांची तशी घेत नाही. माणूस चालतो, काम करतो. पण नाडी पूर्ण बेताल होते, आणि थरथरत्या कप्प्यात साचलेल्या रक्ताची गुठळी होते. ती सुटून मेंदूत गेली की एका बाजूचा लकवा. चाळिशीच्या आतल्या बाईला लकवा मारला की कोणी म्हणते बाहेरचे झाले, कोणी म्हणते करणी केली. अंगारे-धुपारे चालतात, देवऋषी कोंबडे मागतो. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातही हे घडताना दिसते. त्या बाईच्या छातीला स्टेथोस्कोप लागला असता तर झडपेचा आवाज ऐकू आला असता.

हा आजार एका खोलीत आठ जण झोपण्याचा आजार आहे. युरोपात पेनिसिलिन यायच्या आधीच तो घटू लागला होता, कारण घरे सुधारली, गर्दी कमी झाली. आपली घरे एका रात्रीत मोठी होणार नाहीत. पण ताप आणि घसादुखी असलेल्या मुलाला डॉक्टरांकडे नेता येते, दिलेली औषधे दोन दिवसांत बरे वाटले तरी शेवटपर्यंत देता येतात. एकदा संधिवाताचा ताप आला असेल तर दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन अनेक वर्षे घ्यावे लागते, झडप खराब असेल तर कधी चाळिशीपर्यंत. इंजेक्शन दुखते, पोर रडते, मजुरी बुडते, हे सगळे खरे. तरीही ते चुकवू नये, कारण पुन्हा आलेला प्रत्येक ताप झडप आणखी खराब करतो. झडपेच्या शस्त्रक्रियेची वेळ आलीच तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ती होते; रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राला भेटावे.

जोड बिघडण्याचे एक प्रकरण ग्रीसमधल्या नॅक्सॉस बेटावरचे आहे. तिथल्या काही कुटुंबांतली मुले लोकरीसारखे कुरळे केस आणि जाड, भेगाळ तळहात घेऊन वाढत, आणि त्यांतली काही ऐन तारुण्यात अचानक मरत. प्रोटोनोटारिओस या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये केस, कातडी आणि हृदय यांचा संबंध मांडला. २००० मध्ये जनुक सापडले. ते कनेक्झिनचे नव्हते, पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणाऱ्या बकलसारख्या प्रथिनाचे होते. बक्कल ढिले, की दारेही जागेवर टिकत नाहीत. हृदयावर सतत ताण पडत असतो, त्यामुळे तिथे ते आधी उसवते. आपल्यासाठी यातून घेण्यासारखे एवढेच: घरात कोणी तरुण माणूस धावताना, खेळताना, काम करताना अचानक गेला असेल तर त्याच्या सख्ख्या भावा-बहिणींचा ईसीजी आणि हृदयाची सोनोग्राफी करून घ्यावी. शाप, पनवती वगैरे शोधत बसू नये.

दारे उघडी ठेवणारे औषध निघाले आहे का? प्रयत्न झाले. डेनेगॅप्टाइड नावाचे औषध झटका आलेल्या रोग्यांना देऊन पाहिले, २०१८ मध्ये निकाल आला, हृदयाची इजा त्याने कमी झाली नाही. शोध चालू आहे. तोवर 'हृदयाच्या नसा उघडणारा काढा' विकणाऱ्याला खिशातले पैसे देऊ नका. जे हाती आहे ते जुनेच आहे: रक्तदाब आणि साखर ताब्यात ठेवणे, तंबाखू, मिश्री, गुटखा, विडी बंद करणे. आणि दारू. एका रात्री खूप प्यायल्याने चांगल्या हृदयाचेही वरचे कप्पे थरथरू लागतात, हे डॉक्टर सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी नेहमी पाहतात. पाचवे शील आपण रोज म्हणतो, त्यामुळे यावर जास्त लिहीत नाही.

नाडी पाहायला मात्र प्रत्येक घरात एकाला तरी आले पाहिजे. माणसाला पाच मिनिटे शांत बसवा. मनगटाच्या आतल्या बाजूला, अंगठ्याच्या मुळाखाली, आपली दोन बोटे हलकी ठेवा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. आकड्याबरोबर चालही पाहा. श्वासाबरोबर किंचित पुढे-मागे होणे, क्वचित एखादा ठोका चुकणे, हे निरोगी माणसातही असते. तरुण मुलींमध्ये धडधड बहुतेक वेळा रक्त कमी असल्याने किंवा थायरॉइडने होते, त्याचीही तपासणी करावी. पण दोन ठोके सारख्या अंतरावर येतच नसतील, एक लवकर, एक उशिरा, एक जोरात, एक पुसट, असे मिनिटभर चालले, तर त्याच आठवड्यात सरकारी रुग्णालयात जाऊन ईसीजी काढा आणि मोजलेला आकडा कागदावर लिहून न्या. सोबत चक्कर, धाप किंवा छातीत दुखणे असेल तर आठवडा नाही, लगेच. मोजताना आपला अंगठा वापरू नका, अंगठ्यात आपलाच ठोका लागतो.